खडूच्या डोंगरावरची गाडीवाट

इंग्लंडमधल्या आमच्या स्विंडन शहराच्या दक्षिणेला मोटारवे ओलांडला की जमीन चढायला लागते. वर खडूच्या दगडाची लांबच लांब धार आहे आणि त्या धारेवरून रिजवे हा प्राचीन मार्ग जातो. एव्हबरीच्या दगडी वर्तुळाजवळून निघून आयव्हिंगहो बीकनपर्यंत ८७ मैल, म्हणजे साधारण १४० किलोमीटर. १९७३ साली त्याला राष्ट्रीय पदभ्रमण मार्गाचा दर्जा मिळाला, पण माणसं इथून निदान पाच हजार वर्षं ये-जा करताहेत असं मानतात. मी जुन्नरकडची, नाणेघाटाचा अभिमान बाळगणारी. तो दोन हजार वर्षांचा. ही वाट त्याच्या दुपटीहून जुनी, आणि हिच्यावर ना जकातीचा रांजण, ना शिलालेख. आहे ती एक पाटी: १ ऑक्टोबर ते ३० एप्रिल मोटारवाहनांना मनाई.

पुण्याहून पाहुणे आले की मी त्यांना बारबरी कासलला नेते. लोहयुगातला मातीच्या तटांचा किल्ला, वर वारा, खाली गहू-बार्लीची शेतं. पाटी वाचून प्रत्येक जण एकच विचारतो, "इथं मोटार कशाला येईल?" मे महिन्यातला रविवार असला तर मला उत्तर द्यावं लागत नाही. आधी घरघर येते, मग धूळ, मग एकामागे एक लँड रोव्हर. त्यांच्या मागून ट्रायल बाईकवाले, हेल्मेटातून मान डोलावून 'गुड मॉर्निंग' करत जातात. पाहुण्यांचे चेहरे तेव्हा बघण्यासारखे असतात. त्यांना वाटतं, ही काहीतरी चोरी चालली आहे आणि पोलिसांना फोन करायला हवा.

चोरी नाही. त्या गाड्यांना नंबरप्लेट आहे, विमा आहे, वार्षिक तपासणीचा दाखला आहे. कायद्याच्या दृष्टीने ही वाट म्हणजे रस्ताच, फक्त डांबर नसलेला. इंग्लंडच्या नोंदींत चालायच्या वाटा वेगळ्या, घोड्यांच्या वेगळ्या आणि 'सगळ्या रहदारीला खुले बायवे' वेगळे. या शेवटच्या प्रकाराचं प्रमाण सगळ्या नोंदलेल्या वाटांमध्ये जेमतेम दोन टक्के. आमच्या विल्टशर परगण्याच्या वाट्याला मात्र त्यातले बरेच आलेत. अशा कच्च्या वाटांना बोलण्यात ग्रीन लेन म्हणतात, आणि त्यांच्यावरून गाडी हाकत जाणं हा इथल्या हजारो लोकांचा शनिवार-रविवारचा छंद आहे. त्यांच्या संघटना आहेत. मोटारसायकलवाल्यांची ट्रेल रायडर्स फेलोशिप १९७० पासूनची. त्यांना थोपवू पाहणाऱ्यांच्याही संघटना आहेत. दोन्हीकडे निवृत्त वकील आहेत, आणि निवृत्त वकिलाला रिकामा वेळ मिळाला की काय होतं ते मी आता सांगणार आहे.

मुळात मोटारीला हा हक्क दिला कोणी? कोणीच नाही. हक्क होता बैलगाडीचा, म्हणजे इथे घोडागाडीचा. इंग्रजी कायद्यात एक जुनं तत्त्व आहे की एकदा सार्वजनिक रस्ता झाला की तो कायमचा सार्वजनिक रस्ता. वापर बंद झाला, गवत माजलं, गाव उठून गेलं, तरी हक्क मरत नाही. अठराव्या शतकात या वाटेवरून लोकरीची किंवा धान्याची गाडी जात होती असं दाखवता आलं, की गाडीचा हक्क सिद्ध. आणि गाडीच्या हक्कात पुढे इंजिनाची गाडीही आली. बैल जाऊन डिझेल आलं एवढाच फरक, असं कायद्याचं म्हणणं.

दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४९च्या कायद्याने, इथे प्रत्येक परगण्याला आपल्या सगळ्या वाटांचा अधिकृत नकाशा करायला लावला. गावोगावच्या पॅरिश काउन्सिलांनी वाटा हिंडून याद्या केल्या. त्यात एक खाना होता, 'पायवाट म्हणून वापरला जाणारा रस्ता'. म्हणजे आहे रस्ता, पण चालतात माणसं, आणि गाडीचा हक्क आहे की नाही ते आत्ता नको विचारायला. कारकुनी इतिहासात इतका सोयीचा खाना दुसरा झाला नसेल. ज्याचा निकाल लागेना ते सगळं त्यात गेलं. १९६८च्या कायद्याने या खान्यातल्या वाटा तपासायला घेतल्या तेव्हा निदान एवढं विचारायला जागा होती की ही वाट गाड्यांना सोसेल का. १९८१च्या कायद्याने तीही जागा काढून घेतली. प्रश्न एकच उरला: पूर्वी गाडीचा हक्क होता का? असेल तर बायवे.

मला या सगळ्यात अडकवून ठेवलं ते या एका गोष्टीने. वाटेचं आज काय व्हावं हे ठरवायला माणसं वाटेवर जात नाहीत, अभिलेखागारात जातात. १८३६नंतर धर्मदशांशाची, म्हणजे चर्चला द्यायच्या उत्पन्नाच्या दहाव्या हिश्शाची, वसुली रोख रकमेत करताना काढलेले गावनकाशे, सामाईक जमिनींच्या वाटपाचे निवाडे, १९१०च्या जमीनकराचे नकाशे, ज्यात सार्वजनिक रस्ता रंगाविना सोडलेला असतो. एखाद्या सर्वेअरने दोनशे वर्षांपूर्वी ब्रश कुठे थांबवला त्यावर आज कावासाकी जाणार की नाही हे ठरतं.

हे मला परकं वाटत नाही, कारण मी पाणंदीच्या भांडणात वाढले. आमच्या वडिलांच्या शेताकडे जाणारी वाट मधल्या शेतकऱ्याने बांध कोरून कोरून एवढीशी केली होती. बैल कसेबसे जात. ऊस तोडणीला आला की ट्रॅक्टर-ट्रॉली अडायची. मग तहसील, मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६चं कलम ५, पंचनामा, पुढची तारीख. गावनकाशावर दोन तुटक रेघा असल्या तर गाडीमार्ग, एकच असली तर पायमार्ग. त्या दुसऱ्या रेघेसाठी वडील भिंग घेऊन बसायचे. फरक एवढाच की वडिलांना ऊस बाहेर काढायचा होता. इथल्या बायवेवर कोणालाच काही बाहेर काढायचं नाही. चालणाऱ्याला हवा खायची आहे, बाईकवाल्याला चिखल. दोघांची गरज नाही, हौस आहे. हौशीचं भांडण पोटाच्या भांडणाइतकंच कडवट होऊ शकतं, हे मला इथे येऊन कळलं. कदाचित जास्तच, कारण तडजोड करायला भाग पाडेल अशी कोणाची अडचणच त्यात नसते.

नव्वदच्या दशकात आणि नंतर दणकट गाड्या पुष्कळांना परवडायला लागल्या, वाटा खणून निघाल्या, ओरड वाढली. तेव्हा संसदेने २००६ साली एक मोठी कात्री चालवली. २ मे २००६ पासून इंग्लंडमध्ये, ज्या वाटांवरचा मोटारीचा हक्क अधिकृत नकाशात नोंदलेला नाही तो, काही अपवाद सोडता, संपला. त्या जुन्या सोयीच्या खान्यातल्या उरलेल्या वाटाही त्याच दिवशी मोटारींना बंद झाल्या. घोडागाडी, सायकल, घोडा, माणूस यांना खुल्या राहिल्या. अपवाद मोठे मजेशीर आहेत. उदाहरणार्थ, १ डिसेंबर १९३० पूर्वी लोक तिथे मोटारी चालवून चालवूनच जो हक्क तयार झाला असेल तो शाबूत. का? कारण त्या तारखेपासून पायवाटेवर मोटार घालणं गुन्हा झाला, त्याआधी नव्हता. आता १९३०पूर्वी कोणत्या चढावर कोणी मोटार नेली याचे पुरावे शोधत हिंडणारी माणसं आहेत. जुन्या मोटर-क्लबांच्या शर्यतींच्या बातम्या, पिवळे फोटो, चढावर अडकलेली गाडी ढकलणारे टोपीवाले गृहस्थ. त्या गृहस्थांना कुठे ठाऊक, की आपण पणतवंडांसाठी साक्ष देतो आहोत.

दुसरा अपवाद, २० जानेवारी २००५च्या आत ज्यांनी बायवे म्हणून नोंद करायचा अर्ज केला त्यांचा. आणि इथे डॉर्सेट परगण्याची गोष्ट येते, जी मी जेवणाच्या टेबलावर सांगायला लागले की घरचे उठून जातात. २००४मध्ये तिथे मोटारसायकलवाल्यांच्या बाजूने पाच वाटांसाठी अर्ज झाले. नियम असा की सोबतचा नकाशा किमान एकास पंचवीस हजार या प्रमाणात काढलेला हवा. अर्जदारांनी संगणकावर एकास पन्नास हजारचा नकाशा घेतला, मोठा केला आणि पंचवीस हजारच्या मापाने छापला. काउंटी काउन्सिल म्हणाली, हा चालणार नाही. फोटो मोठा केला म्हणून त्यात नवीन नाकडोळे येत नाहीत. बरोबरच आहे की. अर्जदार म्हणाले, पट्टी लावून बघा, माप भरतं. हेही बरोबर. उच्च न्यायालयाने काउन्सिलचं ऐकलं, अपील न्यायालयाने फिरवलं, आणि मार्च २०१५मध्ये सर्वोच्च न्यायालयात पाचांपैकी तीन न्यायमूर्तींनी निर्णय दिला की माप भरतं म्हणजे नकाशा भरतो. दहा वर्षांवर काळ गेला, देशातले सगळ्यात हुशार कायदेपंडित बसले, आणि ठरलं काय? तर अर्ज स्वीकारण्याजोगे आहेत. त्या वाटांवर गाडीचा हक्क आहे की नाही, हे त्यानंतर तपासायचं होतं.

आमच्या तहसीलदार कचेरीला नावं ठेवताना मी आता थोडा हात आखडता घेते.

हक्क सिद्ध झाला तरी रस्ता बंद करता येतो. त्याचा कायदा वेगळा, रहदारी नियमनाचा, १९८४चा. रस्त्याचं नुकसान टाळायला, परिसराचं रूप राखायला स्थानिक प्रशासन एखाद्या प्रकारच्या रहदारीला मनाई करू शकतं. २००६पासून राष्ट्रीय उद्यानांनाही हा अधिकार मिळाला. यॉर्कशर डेल्सने तो वापरला, पीक डिस्ट्रिक्टने वापरला. लेक डिस्ट्रिक्टने एका गाजलेल्या ठिकाणी वापरायचं नाकारलं, आणि तिथे या भांडणाचा गाभा मला सगळ्यात स्पष्ट दिसतो.

टिल्बरथवेट नावाची दरी आहे. कोनिस्टनच्या वर, स्लेटच्या जुन्या खाणींची. आपल्या पाटीचा तो दगड इथून गाड्यांवर लादून नेत, म्हणून तिथल्या वाटा गाडीवाटा. आज दरीत दगडी कुंपणं, हर्डविक मेंढ्या, आणि सुट्टीच्या दिवशी फोर बाय फोरची रांग. तिथल्या शेतकऱ्यांचं म्हणणं, वाट नदीच्या पात्रासारखी झाली, आमची साधी गाडी चालेना, मेंढ्या बुजतात. २०१७ साली लेक डिस्ट्रिक्ट जागतिक वारसा झाला आणि वारसा कशाचा, तर मेंढपाळ शेतकऱ्यांनी घडवलेल्या भूमीचा. तरी ऑक्टोबर २०१९मध्ये उद्यानाच्या समितीने बंदी न घालता, सगळ्यांना एकत्र बसवून वाट सांभाळायचं ठरवलं. विरोधक न्यायालयात गेले. त्यांचा आधार पक्का होता: १९७४च्या सँडफर्ड समितीपासून चालत आलेलं आणि पुढे कायद्यात घातलेलं तत्त्व, की राष्ट्रीय उद्यानात निसर्ग जपणं आणि लोकांनी मजा करणं यांचा मेळ बसत नसेल, तर जपणं वरचढ. पण मेळ बसत नाही हे ठरवणार कोण? उद्यान म्हणालं, आमच्या मते अजून बसतो. २०२०च्या ऑगस्टमध्ये उच्च न्यायालयाने सांगितलं की असं मत बनवणं हे उद्यानाचं काम आहे आणि त्यांनी ते कायद्याला धरून केलं.

माझ्या चालणाऱ्या मैत्रिणींना हा निकाल धक्कादायक वाटला. मला उद्यानाचा निर्णय चुकीचा वाटला आणि न्यायालयाचा निकाल बरोबर. न्यायाधीशाने दरीत जाऊन शांतता मोजावी अशी अपेक्षा करता येत नाही. पण उद्यानाने मोजायला हवी होती. शांतता ही तिथली पाहुण्यांची चैन नाही; चालत्या शेतीचा तो भाग आहे. वाट खचली तर दगड टाकून भरता येते, आणि भरल्यावर गुळगुळीत वाटेवर गाड्या आणखी वाढतात, हा भाग बैठकीत कोणी काढत नाही.

बंदीच्या विरोधात सगळ्यात वजनदार मुद्दा असतो तो अपंगांचा. ज्यांना चालता येत नाही त्यांनी डोंगर बघायचाच नाही का? मुद्दा खरा आहे आणि मला त्याच्यापुढे गप्प बसावं लागतं. फक्त रविवारच्या त्या रांगेत मला जे दिसतात ते बहुतेक वेळा चिखलात रुतलेली गाडी उतरून ढकलणारे धडधाकट गडी असतात, हेही नोंदवून ठेवते.

माझा एक सहकारी गोव्याचा, सालसेतचा. स्विंडनमध्ये गोयंकारांची वस्ती मोठी. पोर्तुगीज पासपोर्टावर आले आणि गोदामांत, कारखान्यांत राबून घरं उभी केली. तो कोंकणीत बोलतो, मी मराठीत, आमचं छान जमतं. त्याच्याकडे जुनी होंडा ट्रायल बाईक आहे. उन्हाळ्यात तो रिजवेवर जातो, हळू जातो, घोडा दिसला की इंजिन बंद करून थांबतो. मी एकदा त्याला माझं प्रवचन ऐकवलं. तो म्हणाला, "सांग गो, तू बारबरीला कशान येतेस?"

"गाडीने."

"आणि ती लावतेस खंय?"

"वर. कार पार्कात."

"मग तू डोंगरार गाडी घालतेस ती चलता, हांवें घातली ती ना. तुझी गाडी डांबरावर थांबता, इतलेंच न्हय?"

एवढंच नव्हे, असं मी म्हटलं, पण लगेच पुढे काय बोलावं ते सुचलं नाही. स्टोनहेंजच्या प्राचीन दगडी वर्तुळापाशी हेच उघडं दिसतं. शेजारून जाणारा ए-३४४ हा डांबरी रस्ता २०१३मध्ये बंद करून तिथे गवत पेरलं. पण जवळून जाणारा १२ नंबरचा बायवे खुला राहिला. आता व्यवस्थित मंडळी दूरवर गाडी लावतात, तिकीट काढतात, बसने दगडांपाशी येतात. आणि बायवेवर जुन्या व्हॅन लावलेली मंडळी तेच दगड चहा पीत फुकट बघतात. बायवे बंद करा म्हणणाऱ्यांच्या पत्रांत पर्यावरणाचा उल्लेख असतो, पण वाचताना मला अधूनमधून त्या व्हॅनवाल्यांच्या कपड्यांचा वास येतो. या वादात वर्गाची एक धार आहे. डोंगराची शांतता बहुधा डोंगराजवळ घर परवडणाऱ्यांना हवी असते, आणि इंजिनाचा आवाज खालच्या शहरातल्या गॅरेजातून येतो. गोयंकार हे न बोलता सुचवत होता.

तरी मी बंदीच्या बाजूची आहे. पण त्या पाटीवरच्या बंदीच्या, वर्षभराच्या नव्हे. खडूची जमीन उन्हाळ्यात हाडासारखी टणक. पावसाळी थंडीत तिचा वरचा थर लोण्यासारखा सरकतो, मग गोठतो, फुगतो, सुटतो. अशा वेळी एक जड चाक गेलं की चाकोरी पडते. चाकोरीत पाणी साचतं, पुढचा ती टाळून कडेने जातो, तिसरा त्याच्याही कडेने, आणि मार्चपर्यंत दहा फुटांच्या वाटेची चाळीस फुटांची शेणकाला झालेली पट्टी होते. मे महिन्यात त्या चाकोऱ्या तशाच वाळतात आणि चालणाऱ्याचा घोटा मुरगळतो. ऑक्टोबर ते एप्रिल वाटेला विश्रांती दिली तर यातलं पुष्कळ टळतं. मोटारवाल्यांनाही हे मान्य असतं; त्यांच्या संघटना ओल्या दिवसांत जाऊ नका म्हणून आपल्या सभासदांना सांगत असतात. अभिलेखागारातला नकाशा जे सांगत नाही ते पाऊस सांगतो, आणि त्याचं कोणाशी साटंलोटं नाही. आवाजाचा प्रश्न यातून सुटत नाही. पाच महिने तो राहतोच. राहू दे. पाच महिने मला कानांत खुपेल, सात महिने गोयंकाराला गॅरेजमध्ये खुपेल.

मागच्या वर्षी आमच्या भागातल्या एका छोट्या बायवेबद्दल हरकती मागवल्या होत्या, बारमाही बंदीसाठी. मी फॉर्म भरला. लिहिलं की बारमाही नको, रिजवेसारखी हंगामी करा, आणि मे महिना ओला गेला तर मुदत वाढवायची सोय ठेवा. गोयंकाराला दाखवलं. तो म्हणाला, बरं लिहिलंस, पण त्या वाटेवरच्या सगळ्यात खोल चाकोऱ्या कोणाच्या ते एकदा बघून ये.

गेले. टायरची नक्षी हातभर रुंद होती. ट्रॅक्टर. शेजारच्या शेतकऱ्याला विचारलं, तुम्हाला काय हवं? तो कुंपणाच्या तारा ताणत होता. म्हणाला, त्याला शनिवारी मोटारसायकली नकोत आणि रविवारी कुत्री घेऊन चालणारे नकोत, कारण कुत्री मेंढ्यांमागे लागतात. वाट त्याच्या आजोबांच्या वेळी होती तशी असावी, म्हणजे त्याच्या एकट्याच्या वापराची.

"पण ती तेव्हाही सार्वजनिकच होती," मी म्हटलं.

"होती," तो म्हणाला, "पण कोणी येत नसे."